जांभ्याच्या भिंतीतला खेकडा

दिवस पहिला

दाणोली मागे पडलं आणि आंबोलीचा घाट सुरू झाला तेव्हा पावसाने असा काही जोर धरला की वायपर चालू असूनही समोरचं वळण दिसेना. माझी संशोधक मैत्रीण पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर परवानगीच्या कागदांची फाइल, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. त्या फाइलसाठी तिचे सात महिने गेले. जंगलातून काहीही उचलायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, मग तो अंगठ्याएवढा खेकडा का असेना, आणि ती लागायलाच हवी असं माझंही मत आहे, फक्त खेकड्यांचा हंगाम जूनच्या पहिल्या पावसाबरोबर सुरू होतो आणि कागद मात्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हातात आला, म्हणजे महिना गेलाच.

आम्ही निघालो होतो एका फोटोच्या मागे. गेल्या वर्षी आंबोली परिसरात बेडकांच्या कामाला आलेली असताना तिला रस्त्याकडेच्या एका भिंतीत, जांभ्याच्या भोकातून अर्धा बाहेर आलेला खेकडा दिसला होता. गडद जांभळट कवच, नांग्या पिवळसर पांढऱ्या. तिने एक फोटो काढला, दुसरा काढायच्या आत तो आत गेला. वर्षभर तो एकच फोटो तिने इतक्या वेळा मोठा करून बघितलाय की मलाही तो पाठ झालाय.

आणि मी कशाला, तर मी चित्रं काढते. फोटो ती स्वतः उत्तम काढते, पण नवीन प्रजातीचं वर्णन लिहायचं असेल तर रेषाचित्र लागतंच, कारण फोटोत केस, चिखल, चकाकी सगळं सारखंच येतं आणि चित्रात मात्र नेमकी कुठली कडा महत्त्वाची आहे ते दाखवता येतं. आजवर मी बरणीतलेच खेकडे काढले होते. जिवंत, आपल्या जागेवर बसलेला एकही नाही. म्हणून आले.

रात्री नऊला बाहेर पडलो. भिंतीपाशी नाही, नुसतं रस्त्यावरून, कारण पाऊस इतका होता की वरून दगड येण्याची भीती. तरी रस्ताभर खेकडे होतेच, मोठे, काळपट तपकिरी, नांग्या वर करून हेडलॅम्पच्या उजेडात थांबलेले. हा बॅरीटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस, आपला नेहमीचा, बिळात राहणारा. या नावात ‘क्युनिक्युलस’ म्हणजे ससा दडलाय, सशासारखी बिळं करणारा म्हणून. १८३६ साली कर्नल साइक्सने दख्खनमधून नेलेल्या नमुन्यांवरून वेस्टवूडने त्याला हे नाव दिलं. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, आणि त्या रात्री त्यातले तीन आम्हाला गाडीखाली चिरडलेले दिसले, त्यातल्या एका मादीच्या पोटाखाली पिल्लं होती. मैत्रिणीने ती उचलून रस्त्याच्या कडेला गवतात ठेवली. काहीच बोलली नाही.

दिवस दुसरा

सकाळी वाटाड्या दादा आले. पन्नाशीचे असतील, आख्ख्या परिसराची ओढ्यांसकट माहिती, आणि रात्रीच्या प्राण्यांचा त्यांना अभ्यासच म्हणावा लागेल, कारण कुठल्या झाडावर कुठला साप गेल्या पावसात बसला होता तेही ते सांगतात. फोटो दाखवला तर एका नजरेत म्हणाले, “ही व्हय, ही कुर्ली हयसर गावता. दिवसाचा काय दिसाचा नाय. रातीचे येवया.”

दिवसा भिंत बघून घेतली. भिंत म्हणजे घाटरस्ता काढताना कापलेला डोंगर, चार-साडेचार मीटर उंच, सगळा जांभा, वरून झाडांची मुळं लोंबतायत, पूर्ण अंगावर शेवाळ आणि बारीक नेचे, आणि जागोजागी पाणी झिरपतंय. जांभा हा दगडच मुळात भोकाभोकांचा. पेनापासून मनगटापर्यंत सगळ्या मापांची भोकं. मैत्रिणीने एकेका भोकाला टॉर्च लावून बघितलं, नोंदवहीत जमिनीपासूनची उंची, भोकाचं तोंड, ओल आहे की नाही असं लिहीत गेली. दोन तासांत एकही खेकडा नाही. पण तीन भोकांच्या तोंडाशी ताज्या मातीच्या गोळ्या होत्या, म्हणजे आतून कोणीतरी साफसफाई केलेली.

तिथे उभं राहून तिने मला एक गोष्ट सांगितली जी मला आधी कधीच नीट समजली नव्हती. हे खेकडे ‘गोड्या पाण्यातले’ म्हणवले जातात पण यातले कित्येक पाण्यात राहतच नाहीत. कवच बाजूंनी फुगलेलं असतं ना, ते उगाच नाही. त्या फुगवट्याच्या आत कल्ल्यांची पोकळी असते आणि तिच्या आतल्या पडद्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, म्हणजे फुफ्फुसासारखंच काम. हवा ओली असली की पुरे. म्हणून तर पावसाळ्यात हे भिंतीवर, खोडांवर चढतात आणि उरलेले सात-आठ महिने भोकाच्या तळाशी, जिथे थोडी ओल टिकते तिथे, गप्प पडून राहतात. पोहण्यापेक्षा चढण्यात त्यांचं आयुष्य जातं.

केरळात अगस्त्यमलैच्या जंगलात तर झाडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात राहणारा खेकडा आहे, २०१७ मध्ये वर्णन झालं, कानी मरंजंडु. कानी हे तिथल्या आदिवासींचं नाव, आणि मरंजंडु म्हणजे झाडावरचा खेकडा. त्या लोकांना तो आधीपासून माहीत होता, शास्त्राला उशिरा कळला. दादांकडे बघून मला हे सारखं आठवत होतं.

आता रात्र.

साडेआठला पाऊस ओसरला, पूर्ण थांबला नाही, पण भुरभुर. भिंतीसमोर पोचलो तेव्हा बेडकांचा आवाज इतका होता की एकमेकींना खुणाच कराव्या लागत होत्या. वरच्या फांदीवर मलबार पिट व्हायपर, हिरवट, वेटोळं घालून, दादांनी हात आडवा करून आम्हाला दोन पावलं मागे घेतलं. पायाला जळवा. मी हे सगळं विसरले, कारण डाव्या हाताला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, भोकाच्या बाहेर तो बसला होता.

फोटोत बघितला होता तो रंग आणि हा रंग यात काही नातंच नाही. ओल्या कवचावर जांभळा इतका गडद की मधोमध काळा वाटावा, आणि कडेला येता येता वांग्याच्या सालीसारखा उजळत गेलेला. पायांच्या सांध्यांवर फिकट नारिंगी. नांग्या पिवळट पांढऱ्या, उजवी डावीपेक्षा चांगलीच मोठी. आकाराने माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा, बस. तो शेवाळातलं काहीतरी डाव्या नांगीने चिमटीत धरून तोंडाशी नेत होता, परत शेवाळ, परत तोंड, घाई नाही.

मी टॉर्च वळवला तर दादा हळूच म्हणाले, “लायट थेट मारू नको बाये, भितर जातली ती.”

मी टॉर्चवर हात धरला, बोटांमधून लाल उजेड पडला, तो बसून राहिला. आणि मग डोळे सरावले तसे बाकीचे दिसायला लागले. भिंतभर होते. पंधरा मीटर लांबीत एकोणीस मोजले. दिवसा जिथे दोन तास काही दिसलं नव्हतं तिथे. मैत्रीण माझ्या मागे उभी होती आणि तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होता.

मध्यरात्रीपर्यंत एकही खेकडा पकडला नाही. तिचा नियम आहे, आधी नुसतं बघायचं. कोण कुठल्या भोकातून येतो, किती वेळ बाहेर असतो, नर किती, माद्या किती, हे बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

दिवस तिसरा

आज लिहायला सगळ्यात अवघड.

काल रात्री पाहिलेल्यांपैकी सहा घ्यायचे असं ठरलं होतं, चार नर, दोन माद्या, परवानगीत त्यापेक्षा जास्त होते पण ती म्हणाली सहा पुरेत. नर-मादी ओळखायला खेकडा उलटा करायचा. पोटाखाली दुमडलेली जी शेपटी असते ती नरात अरुंद, या कुळात तर उलट्या टी सारखी, आणि मादीत रुंद, गोल, पायांच्या मुळापर्यंत पोचणारी. पहाटे चारपर्यंत सहा जण ओल्या शेवाळासकट वेगवेगळ्या डब्यांत होते, वेगवेगळ्या यासाठी की एकत्र ठेवले तर एकमेकांचे पाय तोडतात.

सकाळभर मी जिवंत खेकड्याचं चित्र काढलं आणि ती फोटो काढत होती, पाठीवरून, समोरून, पोटाकडून, रंगपट्टी शेजारी ठेवून. हे आधीच करावं लागतं कारण अल्कोहोलमध्ये गेल्यावर रंग टिकत नाही. काही आठवड्यांत जांभळा, नारिंगी सगळं जाऊन पिवळट तपकिरी उरतं. जुन्या संग्रहातल्या बरण्या बघितल्यात मी, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे खेकडे, सगळे एकाच चहापत्तीच्या रंगाचे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये अल्फ्रेड अल्कॉकने १९१० मध्ये गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची मोठी सूची काढली, अफाट काम आहे ते, आजही त्याशिवाय पान हलत नाही, पण त्यातले कित्येक खेकडे जिवंतपणी कुठल्या रंगाचे होते ते त्या पानांवरून कळत नाही. म्हणजे आपण रंगीत प्राण्याची तुलना रंग गेलेल्या प्राण्याशी करत असतो. म्हणून रंगावर प्रजात ठरवायची नाही हे पहिलं शिकवतात. आणि एकाच भिंतीवरच्या एकोणीस जणांत मला निदान तीन छटा दिसल्या होत्या, लहान पिल्लं तर जवळजवळ राखाडी.

तरी पण या गटाला नावं मात्र रंगावरूनच पडलीत. घाटियाना हा वंश २०१४ मध्ये झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या समीर कुमार पती आणि सहकाऱ्याने वेगळा काढला, नावात आपला घाटच आहे. त्यातली पहिली ऑरँटियाका म्हणजे नारिंगी, हायसिंथा म्हणजे निळसर जांभळी. मग २०१६ मध्ये सिंधुदुर्गातून अॅट्रोपर्प्युरिया, गडद जांभळी, आणि स्प्लेंडिडा. २०२२ मध्ये उत्तर कन्नडच्या जंगलातून द्विवर्णा, पांढरी नि जांभळी, ती तर पहिल्यांदा दिसली वनखात्याच्याच एका कर्मचाऱ्याला आणि एका निसर्गप्रेमीला. आता आमचा जांभळट खेकडा बघितल्यावर कोणीही म्हणेल की अरे ही अॅट्रोपर्प्युरियाच असेल. असेलही. हेच तर बघायचंय.

दुपारी त्यांना थंड केलं. डबे हळूहळू बर्फात, आधी हालचाल मंदावते, मग थांबते, आणि पूर्ण थांबल्यावरच अल्कोहोल. मैत्रीण हे काम दुसऱ्या कोणाला करू देत नाही. मी विचारलं, “फोटो आणि एक पाय पुरणार नाही का गं? डीएनए पायातून निघतो ना?”

“निघतो. आणि खेकडा पाय स्वतःच सोडतो, ठरलेल्या जागी, जखम लगेच बंद होते, परत फुटतो पण. कुठलीही माहीत असलेली प्रजात असती तर मी तेवढंच केलं असतं.”

“मग?”

“मग उद्या पन्नास वर्षांनी कोणी म्हणालं की हिचं चुकलं होतं, तर तो काय बघणार? माझा फोटो?”

होलोटाइप म्हणजे तेच. नाव ज्याला कायमचं बांधलं जातं तो एक खेकडा. वर्णन बदलेल, वंश बदलेल, पण ते नाव त्या एका शरीराला चिकटलेलं राहणार. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची जी आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, तिची चौथी आवृत्ती २००० पासून लागू आहे, तिच्यानुसार नमुना कुठला आणि कुठल्या संस्थेत ठेवलाय हे स्पष्ट लिहावंच लागतं, नाहीतर नाव ग्राह्य नाही. आणि आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यात वेगळं कलम आहे, नवीन प्रजाती सापडली तर कळवायचं आणि नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेत जमा करायचा, प्राण्यांसाठी ती संस्था म्हणजे मुख्यतः झूलॉजिकल सर्व्हे. स्वतःच्या कपाटात ठेवता येत नाही.

प्रत्येकाच्या एका पायाचा स्नायू वेगळ्या छोट्या कुपीत, जवळजवळ शुद्ध अल्कोहोलमध्ये, बाकी शरीर सत्तर टक्क्यांत. फॉर्मालिन नाही, त्याने डीएनए खराब होतो. चिठ्ठ्या पेन्सिलीने, कारण शाई विरघळते. सहा चिठ्ठ्या मीच लिहिल्या. हात थरथरत होता हे खरं.

दिवस चौथा

सकाळी हिरण्यकेशीला गेलो. नदीचा उगम, महादेवाचं मंदिर, गुहेतून येणारं पाणी, आणि त्या कुंडात मासे. शिस्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये वर्णन झालेला छोटा मासा, आणि त्याच्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये ती सव्वादोन हेक्टरच्याही आतली जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली, नेमकं २.११ हेक्टर. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. नाव मिळालं म्हणून जागा वाचली. नाव नसतं तर तो ‘कुंडातला बारका मासा’ राहिला असता आणि बारक्या माशासाठी कोणी अधिसूचना काढत नाही.

दुपारी आणि रात्री दुसरं काम, तोच खेकडा अजून कुठे आहे ते बघायचं. रस्त्याने दोन्ही बाजूंना, मग ओढ्याच्या पलीकडे, तशीच जांभ्याची भिंत, तसंच शेवाळ, तेवढीच ओल. नाही. एकही नाही. तिथे दुसराच खेकडा, तपकिरी, चपट्या कवचाचा. दादांनी सकाळीच सांगितलं होतं, “ती व्हाळाच्या पलीकडे नाय गावाची,” आणि आम्ही तरी चार तास शोधलं, कारण ‘नाही’ हे पण मोजूनच लिहावं लागतं.

एक ओढा. पावसाळ्यात फार तर आठ मीटर रुंद. तो एवढ्याशा खेकड्याला एवढा मोठा कसा ठरतो ते मला परतताना कळलं, मूळ भिंतीपाशीच, रात्री अकराच्या सुमारास.

एक मादी भोकाच्या तोंडाशी बसली होती आणि तिची शेपटी शरीरापासून सुटल्यासारखी थोडी खाली आलेली. मैत्रिणीने गुडघे टेकले, उजेड कमी केला, मला जवळ बोलावलं. शेपटीच्या आत पिल्लं होती. अंडी नाहीत, अळ्या नाहीत, पूर्ण घडलेले खेकडे, प्रत्येकाला आठ पाय, दोन नांग्या, मिरीच्या दाण्यापेक्षाही लहान, फिकट, एकमेकांवर चढलेले. एक जण कडेवर येऊन बाहेर बघितल्यासारखा थांबला आणि परत आत गेला.

समुद्रातला खेकडा लाखांनी अंडी घालतो, त्याची अळी पाण्याबरोबर कुठल्या कुठे वाहत जाते, म्हणून एकच प्रजात हजारो किलोमीटर किनाऱ्यावर सापडते. यांचं तसं नाही. अंडी थोडी, मोठी, अळीची अवस्था अंड्यातच संपते, आणि बाहेर येतं ते आईच्या पोटाखाली राहणारं पिल्लू. ते पिल्लू सुटून जाणार कुठे, तर शेजारच्या भोकात. त्याचं पिल्लू त्याच्या शेजारच्या भोकात. मधे खोल ओढा आला, उघडा कातळाचा सडा आला, कोरडा पट्टा आला, की तिथेच थांबलं. अशी लाखो वर्षं गेली की ओढ्याच्या या बाजूचा आणि त्या बाजूचा वेगळा होतो. म्हणूनच जगात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या तेराशेहून जास्त प्रजाती झाल्यात, आपल्या देशात सव्वाशेच्या आसपास, आणि त्यातल्या बऱ्याचशा घाटात, एकेका डोंगराला धरून.

त्याची दुसरी बाजू पण तीच. २००९ मध्ये १२८० प्रजातींचा एकत्र आढावा घेतला गेला होता, तेव्हा जवळजवळ सहावा हिस्सा धोक्याच्या वाटेवर निघाला आणि सुमारे निम्म्या प्रजातींबद्दल ठरवण्याइतकी माहितीच नव्हती. या भिंतीवरचा खेकडा तर अजून त्या निम्म्यातही नाही, कारण त्याला नाव नाही. आणि घाटरस्त्याच्या भिंतींचं काय होतं ते आपण सगळेच बघतो, दरड येऊ नये म्हणून खरवडतात, जाळी मारतात, सिमेंट फवारतात. माणसांचा जीव वाचायला हवाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या फवारणीआधी भिंतीत कोण राहतं हे कोणाला तरी माहीत असावं ना. आख्खं जग म्हणजे पन्नास-साठ मीटर जांभा असा एक प्राणी तिथे आहे.

दोनच माद्या घ्यायच्या असं ठरलं होतं आणि आमच्याकडे दोन झाल्या होत्या. नसत्या झाल्या तरी ही घेतली नसती. मैत्रिणीने फक्त तापमान, उंची, वेळ लिहिली आणि आम्ही उजेड बंद करून अंधारात थोडा वेळ तशाच बसलो. पाऊस वाढला तेव्हा उठलो.

दिवस पाचवा

सामान आवरलं. शेवटची नोंद, भिंतीच्या दोन्ही टोकांचे जीपीएस. पेपरमध्ये नेमकी जागा छापायची की नाही यावर गाडीत बराच वाद झाला, कारण रंगीत खेकडे पाळायला म्हणून विकले जातात, आणि छापील ठिकाण बघून माणसं येतात. ती म्हणते गाव आणि तालुका लिहायचा, बाकी आकडे संस्थेत जमा करायचे. मला पटलं. म्हणून इथेही भिंत कुठली ते लिहिलेलं नाही.

दादांना विचारलं की तुमचं नाव आभारात लिहू ना. ते म्हणाले लिवा. मग जरा थांबून म्हणाले, “पण ते कुर्लेचा नाव काय ठेवतल्यात ता माका पयला सांगा.”

पुणे, दहा दिवसांनी

हा प्रवासाचाच भाग आहे असं मी धरते, कारण खेकडा खरा दिसला तो इथे.

आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथल्या संग्रहात सह्याद्रीतले खेकडे बघायला मिळतात. टेबलावर आमच्या सहा बरण्या, शेजारी तुलनेसाठी काढलेल्या त्यांच्या बरण्या, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर, आणि मायक्रोस्कोप ज्याला चित्र काढायची आरशाची नळी जोडलेली असते, एका डोळ्याने खेकडा आणि त्याच वेळी आपली पेन्सिल कागदावर दिसते. आधी मापं. कवचाची रुंदी, लांबी, उंची, कपाळाची रुंदी. सगळ्यात मोठा नर २३.४ मिलिमीटर रुंद. मग कवचावरच्या खाचा, डोळ्यामागची उंचवट्याची रेघ, कडेचा दात आहे की नाही, जबड्याच्या पायाला चाबकासारखा धागा आहे की नाही. हे सगळं जवळपास जुळत होतं, ज्ञात प्रजातींशी. दोन तास मी काढत गेले आणि मनातल्या मनात खचत गेले.

मग तिने नराची शेपटी चिमट्याने उघडली.

तिथे दोन जोड्या असतात. मुळात पोहायचे पाय, पण नरात त्यांचं मीलनाचं अवयव झालेलं असतं. पहिली जोडी नळीसारखी, दुसरी तिच्या आत दट्ट्यासारखी जाणारी. यांना गोनोपॉड म्हणतात आणि गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचं जवळजवळ सगळं वर्गीकरण पहिल्या जोडीच्या या पाच-सहा मिलिमीटरच्या नळीवर उभं आहे. कारण कवच जागेनुसार बदलतं, रंग वयानुसार, पण हा अवयव त्या प्रजातीच्या मादीशी जुळावाच लागतो.

मी पहिला काढायला घेतला, वीस मिनिटं गेली, आणि तिने मधेच थांबवलं. “हा नको. हा अजून पूर्ण वाढलेला नाही, टोक बघ, बोथट आहे. याच्यावरून लिहिलं तर चुकीचंच लिहू.” चारातला एक असा बाद झाला. राहिले तीन.

दुसरा ठेवला. फोकस केला. नळी खालून रुंद, मधे थोडी आवळलेली आणि शेवटचा तुकडा बाहेरच्या बाजूला वळलेला, विळ्यासारखा. शेजारच्या बरणीतल्या खेकड्याचा उचलून बघितला, सरळ. परत आमचा, वळलेला. तिसरा, वळलेला. चौथा, वळलेला. मी डोळा काढून तिच्याकडे बघितलं तर ती माझ्याकडे न बघता जुन्या पेपरातली चित्रं उलटत होती, अल्कॉक, मग १९७० चं जर्मनीतल्या बॉटचं काम, मग २०१४, २०१६, आणि पुढची सगळी, एकेक आकृती बोटाने तपासत. संध्याकाळी सहापर्यंत तिला तसा वळलेला कुठेच मिळाला नाही.

“म्हणजे नवीन?” मी विचारलं.

“म्हणजे तीन नरांत टोक वळलेलं आहे,” ती म्हणाली. “एवढंच आज लिहायचं.”

अजून डीएनए बाकी आहे, मायटोकॉन्ड्रियातले दोन तुकडे, १६एस आणि सीओआय, शेजारच्या प्रजातींपासून किती लांब आहे ते त्यातून कळेल. मग वर्णन, मग दुसऱ्या तज्ज्ञांकडून तपासणी, मग झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंद, कारण २०१२ पासून ऑनलाइन छापलेलं नाव चालतं पण ही नोंद असेल तरच. आणि त्याच्याआधी पुढच्या जूनमध्ये पुन्हा आंबोली, पहिल्या पावसाला, ओढ्याच्या पलीकडच्या त्या तपकिरी खेकड्यांचे नर बघायला, कारण ओढ्याच्या दोन बाजूंना कोण कोणाचं आहे हे अजून आम्हाला सांगता येत नाही.

दादांचा फोन आला होता. नाव ठरलं का विचारत होते. भिंतीवर अजून दिसतायत म्हणाले, पाऊस चांगला आहे.

बरणीतल्या चिठ्ठीवर वंशाच्या पुढची जागा मोकळी ठेवलीय. माझं डाव्या गोनोपॉडचं चित्र बाहेरच्या बाजूने झालंय, आतल्या बाजूचं राहिलंय, आणि टोकाजवळचे बारीक केस मला पहिल्या चित्रात एका बाजूला जास्त पडल्यासारखे वाटतायत, ते उद्या सकाळच्या उजेडात मोजून परत काढायचेत.